दख्खनी राज्यांची महसूल व अर्थनीती, अठराव्या शतकातील

अठराव्या शतकात नर्मदेच्या दक्षिणेस मराठ्यांचे राज्य, निजामाचे हैदराबाद राज्य व म्हैसूरचे राज्य या तीन प्रमुख एतद्देशीय सत्ता एकमेकींस लागून होत्या. त्यांच्या सरहद्दी वारंवार बदलत आणि एकाच परगण्यावर पन्नास वर्षांत दोन किंवा तीन राज्यांचा अंमल आल्याची उदाहरणे आढळतात. या राज्यांचे जमीनमहसूल, जकाती, व्यापार व सरकारी कर्जे यांविषयीचे धोरण परस्परांपासून बरेच भिन्न होते. तथापि पिकातील सरकारी हिश्शाच्या प्रमाणात ही भिन्नता फारशी दिसत नाही. शेतकरी व सरकारी खजिना यांच्यामध्ये कोणाला स्थान होते आणि पीक हाती येण्यापूर्वी लागणारी रोकड राज्य कोठून उभी करीत असे, या दोन बाबतींत खरा फरक होता. या तिन्ही पद्धतींचा तौलनिक परामर्श प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

समान वारसा : तिन्ही राज्यांतील महसूलव्यवस्थेची मुळे सतराव्या शतकात आहेत. अहमदनगरच्या निजामशाहीत मलिक अंबर (मृ. १६२६) याने मक्त्याची पद्धत बंद करून गावाचा आकार ठरविला व त्याच्या वसुलीची जबाबदारी पाटलावर टाकली. औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार असताना (१६५३–५७) त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान याने तोडरमलाच्या पद्धतीस अनुसरून जमिनीची मोजणी व पिकाची वाटणी यांची घडी बसविली. पावसावर येणाऱ्या पिकाचा निम्मा व विहिरीच्या पाण्यावरील पिकाचा तिसरा हिस्सा सरकारचा, असा त्याचा स्थूल नियम होता. जिराइतापेक्षा विहीर-बागाइतावर हिस्सा कमी ठेवण्याचे कारण उघड आहे : पाण्याचा खर्च व श्रम शेतकऱ्याचे असत. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोने काठीने जमीन मोजून प्रतवारी लावली. सभासद बखरीनुसार उत्पन्नाचे पाच भाग करून तीन रयतेस व दोन सरकारात घेण्यात येत. आदिलशाहीच्या कर्नाटकातील बंगळूर, कोलार इ. मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत होता व पुढे तो म्हैसूरच्या राज्यात गेला. त्यामुळे पाटील, कुलकर्णी (कर्नाटकात गौड व शानभोग), देशमुख, देशपांडे या वतनी संस्था नामभेदाने सर्वत्र होत्या. अठराव्या शतकातील राज्यकर्त्यांना ही यंत्रणा आयती मिळाली. तिचा उपयोग मात्र प्रत्येकाने वेगळ्या रीतीने केला.

मराठी राज्य : १७१९ मध्ये मोगल बादशहाकडून मिळालेल्या सनदांनी मराठ्यांना स्वराज्याचा मुलूख, तसेच दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी यांचे हक्क प्राप्त झाले. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा व सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा. चौथाईच्या उत्पन्नाचीही पुढे विभागणी होई : शेकडा २५ राजबाबती म्हणून छत्रपतींकडे, ६ सहोत्रा व ३ नाडगौंडा म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे आणि उरलेले ६६ ऐनमोकासा म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदारांकडे जात. एका गावच्या उत्पन्नात अनेकांचे हिस्से गुंतल्याने हिशेब किचकट झाला. परंतु त्यामुळेच दूरच्या सरदारांचे हितसंबंध राज्याशी बांधले गेले.

प्रत्यक्ष सरकारी अंमलाखालील मुलखात मामलेदार किंवा कमाविसदार नेमले जात. ते दरसाल पाटलाशी बोलणी करून गावची जमाबंदी ठरवीत. जुन्या ‘तनखा’ आकाराच्या जागी नानासाहेब पेशव्याच्या कारकीर्दीच्या अखेरीस (कार. १७४०–६१) अनेक परगण्यांत ‘कमाल’ आकार लागू करण्यात आला. कमाल हा पूर्ण लागवडीच्या वेळचा सर्वाधिक आकार असल्याने प्रत्यक्ष वसूल बहुधा त्याहून कमी असे. अवर्षण, टोळधाड किंवा फौजेची नासधूस यांबद्दल सूट देण्याचे हुकूम पेशवे दप्तरात मोठ्या संख्येने आढळतात. मामलेदारावर नजर ठेवण्यासाठी दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस इ. दरकदार असत व त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नसे. पहिल्या माधवरावाच्या काळात (कार. १७६१–७२) या देखरेखीस विशेष धार होती.

या व्यवस्थेचे मर्म ‘रसद’ या प्रथेत होते. नेमणुकीच्या वेळी मामलेदाराने अपेक्षित वसुलातील काही रक्कम सरकारात आगाऊ भरावी व पुढे ती वसुलातून व्याजासह वळती करून घ्यावी, असा रिवाज होता. ही रक्कम तो सावकाराकडून उभी करी. सरकार स्वतःही सावकारांचे ऋणको असे. पहिल्या बाजीरावाच्या ब्रह्मेंद्रस्वामींशी झालेल्या पत्रव्यवहारात कर्जाची विवंचना वारंवार प्रकटते. पानिपतानंतरच्या काळात इनामदार व वतनदार यांवर कर्जपट्टीसारख्या जादा पट्ट्या बसवाव्या लागल्या. तात्पर्य, मराठी राज्याच्या मोहिमा पुढच्या हंगामाच्या तारणावर चालत. सावकारी व्याजाचा बोजा अंतिमतः वसुलावर पडत असला, तरी मामलेदार, दरकदार, पाटील व सावकार यांपैकी कोणा एकाच्या हाती रयत पूर्णपणे सापडत नसे.

निजामाचे राज्य : साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर (१७२४) निजामुल्मुल्क आसफजाह याने दख्खनमध्ये स्वतंत्र सत्ता स्थापन केली. मोगली पद्धतीप्रमाणे मुलखाचे खालसा व जहागीर असे दोन प्रमुख भाग होते. पुढे निजामाच्या खाजगी खर्चासाठी राखलेला ‘सर्फ-इ-खास’ व लष्करी उमरावांकडील ‘पायगा’ हे वर्ग ठळक झाले. मोठ्या जहागीरदारांच्या मुलखात न्याय व वसुली हे दोन्ही अधिकार त्यांच्याकडेच असल्यामुळे राज्याच्या मोठ्या भागात सरकारचा रयतेशी थेट संबंध उरला नाही. खालशाचे हिशेब दोन वंशपरंपरागत दप्तरांत ठेवले जात. मराठवाड्याकडील हिशेब रायरायान या मराठी ब्राह्मण घराण्याकडे, तर तेलंगणाचे हिशेब मालवाला या कायस्थ घराण्याकडे होते. या घराण्यांनी नोंदींचे सातत्य टिकविले; मात्र त्यामुळे दिवाणालाही महसुलाची माहिती मिळण्यासाठी त्यांच्यावर अवलंबून राहावे लागे.

निजामाच्या अर्थनीतीवर शेजाऱ्याच्या हक्कांची छाया सतत होती. मुंगी-शेवगावच्या तहाने (१७२८) त्याने चौथाई व सरदेशमुखी मान्य केली. मराठ्यांचे वसुलदार आपल्या मुलखात फिरू नयेत व त्यांचे देणे रोखीने परस्पर भागवावे, असा त्याचा प्रयत्न असे. सरहद्दीवरील अनेक गावांत मात्र ‘दुअंमल’ चालू राहिला : जहागिरीचा हिस्सा मोगलाईकडे व मोकाशाचा मराठ्यांकडे. अशा गावच्या पाटलाला दोन कारकुनांपुढे दोन हिशेब मांडावे लागत. दोघांमधील तंट्याचा लाभ गावाला क्वचित होई. बहुधा दोघेही आपापला हिस्सा प्रथम मागत. उदगीरच्या लढाईनंतर (१७६०) सु. साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांकडे गेला आणि खर्ड्यानंतर (१७९५) निजामावर पुन्हा मोठ्या खंडणीचा व मुलूख सोडण्याचा प्रसंग आला. मुलूख घटला तरी फौज व उमराव यांचा खर्च त्या प्रमाणात घटत नसे. ही तूट भरून काढण्यासाठी तालुके रोख नजराणा घेऊन तालुकदारांना देण्याकडे राज्याचा कल वाढत गेला.

म्हैसूर : हैदर अली (कार. १७६१–८२) व टिपू सुलतान (कार. १७८२–९९) यांनी शेजाऱ्यांपेक्षा निराळा मार्ग स्वीकारला. ठिकठिकाणच्या पाळेगारांना नमवून किंवा हुसकून लावून त्यांचे उत्पन्न त्यांनी सरकारकडे वळविले. फौजेस जहागिरीऐवजी शक्यतो रोख पगार देण्यात येई. अशा फौजेसाठी नियमित रोकड हवी व तिच्यासाठी मध्यस्थ कमी हवेत, हा या धोरणामागील हिशेब होता. टिपूने अमलदारांसाठी तपशीलवार महसुली नियम काढले. त्यांचे इंग्रजी भाषांतर १७९२ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. गरीब शेतकऱ्यास नांगरासाठी तगाई द्यावी, पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्यास प्रथम माफी देऊन पुढे चढता आकार घ्यावा, पाटलाने रयतेकडून आपली शेते फुकट कसून घेऊ नयेत, अशा स्वरूपाची कलमे त्यांत आहेत. अनेक इनाम जमिनीही त्याने सरकारजमा केल्या.

या पद्धतीने राज्याचे उत्पन्न वाढले, परंतु तिचे दोष तिच्या गुणांतूनच उद्‌भवले. मध्यस्थ हटविल्यावर सर्व भार अमलदारांवर पडला व त्यांना आवरणारी स्थानिक शक्ती उरली नाही. वतनदार व इनामदार दुखावले गेले. मराठी राज्यात सावकारांकडून उभी राहणारी कर्जाऊ रक्कम येथे तितक्या प्रमाणात उपलब्ध नसल्याने युद्धाचा खर्च चालू वसुलातून किंवा साठविलेल्या खजिन्यातूनच भागवावा लागे. श्रीरंगपट्टणच्या तहाने (१७९२) टिपूला निम्मे राज्य व तीन कोटी तीस लाख रुपये द्यावे लागले. उरलेल्या निम्म्या राज्यातून ही तूट भरून काढताना रयतेवरील आकार वाढविणे त्याला अपरिहार्य झाले.

जकात, व्यापार व चलन : मराठी मुलखात व्यापारावर ठिकठिकाणी जकात घेतली जाई. कारागीर व दुकानदार यांवर मोहतर्फा हा कर होता. नव्या पेठा वसविताना काही वर्षे करमाफीचा कौल देऊन व्यापाऱ्यांना बोलाविण्यात येई. पुण्यातील पेठांची वाढ या धोरणाशी निगडित आहे. व्यापार स्वतः करण्याचा उद्योग पेशव्यांनी केला नाही. टिपूने मात्र राज्यालाच व्यापारी बनविले. चंदन, मिरी व वेलदोडे यांच्या व्यापारावर सरकारी मक्ता बसवून मस्कत व कच्छ येथे सरकारी कोठ्या उघडल्या. रेशमाच्या किड्यांची जोपासना राज्यात सुरू केली. तिचा वारसा म्हैसूरच्या रेशीम उद्योगात पुढे टिकून राहिला. सरकारी व्यापारात प्रजाजनांनी पैसा गुंतवावा व लहान ठेवीदारास अधिक दराने नफा मिळावा, अशी योजनाही त्याने आखली होती. मलबारच्या मिरीवर डोळा असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीस हे धोरण विशेष जाचक वाटले. निजामाच्या राज्यात जहागीरदारही आपापल्या हद्दीत जकात घेत; त्यामुळे मालाची किंमत वाटेत वाढत जाई.

चलनाच्या बाबतीत दक्षिणेकडे सोन्याचा होन व उत्तरेकडे चांदीचा रुपया प्रमुख होता. मराठी मुलखात अंकुशी, चांदवडी इ. निरनिराळे रुपये चालत व एकाच्या बदली दुसरा घेताना बट्टा कापला जाई. टाकसाळी बहुधा परवान्याने चालविण्यास दिल्या जात. सरकार विशिष्ट चलनातच वसूल मागे, तर शेतकऱ्याच्या हाती बाजारात येईल ते नाणे पडे. नाणे पारखणारा पोतदार व ते बदलून देणारा सराफ यांच्याकडे जाणारा बट्टा हाही एका अर्थी करच होता. तो कोणत्याही जमाबंदीत दाखविला जात नसे.

सरहद्दीवरील रयत : त्या काळी जमीन मुबलक व कसणारे हात थोडे होते. त्यामुळे शेजारच्या राज्यात निघून जाणे, हे रयतेचे सर्वांत प्रभावी शस्त्र होते. वंशपरंपरेने जमीन धारण करणारा मिरासदार सहसा गाव सोडीत नसे. उपरी कुळ मात्र बैलजोडी व नांगर घेऊन पलीकडच्या परगण्यात जाई. मराठी मुलखात अशा कुळांना परत आणण्यासाठी अभयाचे कौल दिले जात आणि ओसाड जमिनीवर ‘इस्तावा’, म्हणजे दरसाल थोडा थोडा वाढत जाणारा आकार लावला जाई. टिपूच्या नियमांतील पडीत जमिनीविषयीची कलमे याच जातीची आहेत. दोन शत्रुराज्यांनी एकमेकांशी विचारविनिमय न करता सारखीच सवलत द्यावी, यामागे रयतेच्या जाण्यायेण्याचाच दाब होता. हा दाब शांततेच्या काळात लागू पडे. १७९१–९२ च्या दुष्काळात सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस धान्य नसल्याने त्याचा उपयोग झाला नाही. मृतांची संख्या मोठी होती व उजाड झालेली गावे पुन्हा वसण्यास दीर्घ काळ लागला.

हातबदल झालेले जिल्हे : तीन राज्यांच्या नीतीची तुलना बळ्ळारी, अनंतपूर व कडप्पा या भागांत विशेष स्पष्टपणे करता येते. गुत्तीचा मुलूख मुरारराव घोरपडे याच्याकडे होता. १७७६ मध्ये तो हैदर अलीने जिंकला. १७९२ व १७९९ च्या वाटण्यांत हा सर्व प्रदेश टप्प्याटप्प्याने निजामाकडे गेला आणि तैनाती फौजेच्या खर्चापोटी त्याने तो १८०० मध्ये कंपनीस दिला. हैदर व टिपू यांनी दाबून टाकलेले पाळेगार निजामाच्या अल्पकालीन अंमलात पुन्हा डोके वर काढून वसूल घेऊ लागले होते. टॉमस मन्रो हा या जिल्ह्यांचा मुख्य कलेक्टर (१८००–०७) झाला, तेव्हा पुष्कळ जमीन पडीत होती. बारामहालात अलेक्झांडर रीडच्या हाताखाली काम करताना (१७९२–९९) टिपूकडून आलेल्या मुलखात त्याने रयतेशी थेट जमाबंदी करण्याचा अनुभव घेतला होता. तीच पद्धत त्याने येथे लावली. सात वर्षांनंतर त्याने वरिष्ठांस शिफारस केली, ती आकार शेकडा पंचवीस कमी करण्याची. मध्यस्थ दूर केल्याने रयतेचा भार आपोआप हलका होत नाही व मागणीही कमी करावी लागते, हे या शिफारशीवरून दिसते. कंपनीने ती तत्काळ मानली नाही.

मक्तेदारीकडे वाटचाल : एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तिन्ही राज्ये एकाच टप्प्यावर आली. वसईच्या तहाने (१८०२) दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेसाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. यशवंतराव होळकराची स्वारी व १८०३–०४ चा दुष्काळ यांनी उरलेला मुलूख खिळखिळा झाला होता. अशा वेळी मामलती जास्तीत जास्त रक्कम कबूल करणाऱ्यास मक्त्याने देण्यात येऊ लागल्या व दरकदारांची देखरेख नाममात्र उरली. मक्तेदार आपल्या खालच्यास व तो गावच्या पाटलास मक्ता देई. या पद्धतीचे अनिष्ट परिणाम माउंट स्टूअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात नोंदविले आहेत. हैदराबादेत चंदुलालच्या कारकीर्दीत (१८०६–४३) तालुके मक्त्याने देण्याची प्रथा सार्वत्रिक झाली. फौजेच्या पगारासाठी पामर आणि कंपनी या पेढीकडून भारी व्याजाने कर्ज काढण्यात आले आणि फौजेची थकबाकी साचून अखेर १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात द्यावा लागला. म्हैसूरमध्ये दिवाण पूर्णय्याने (१७९९–१८११) सालीना साडेचोवीस लाखांची खंडणी भरूनही शिल्लक राखली. परंतु त्याच्यानंतर तेथेही ‘शर्त’ नावाची मक्त्यासारखी पद्धत रूढ झाली. १८३०–३१ मध्ये नगर भागात रयतेने उठाव केला व त्याचे निमित्त करून कंपनीने राज्यकारभार आपल्याकडे घेतला.

मूल्यमापन : एल्फिन्स्टन, विल्क्स प्रभृती इंग्रज लेखकांनी मक्तेदारी हा एतद्देशीय राज्यकर्त्यांच्या स्वभावाचा दोष मानला. दुसऱ्या बाजीरावाची धनलालसा किंवा चंदुलालची उधळपट्टी नाकारण्याचे कारण नाही. तथापि सावकारी पतीवर चालणारे पुणे, उमरावांवर विसंबलेले हैदराबाद आणि नोकरशाहीवर उभारलेले म्हैसूर ही तीन भिन्न घडणींची राज्ये एका पिढीच्या आत त्याच पद्धतीकडे यावीत, याचा उलगडा केवळ व्यक्तिदोषांनी होत नाही. तिन्ही राज्यांवर तैनाती फौजेचा बोजा आला होता. पूर्वी पीक बुडाल्यास खंडणी लांबविता येई, फौजेचा पगार थकविता येई, सावकारास मुदत मागता येई. कंपनीचे देणे मात्र ठरलेल्या तारखेस द्यावे लागे व थकल्यास मुलूख जाई. पाऊस अनिश्चित व देणे निश्चित, अशा स्थितीत हंगामाची जोखीम पत्करून राज्यास ठराविक रोकड देणारा मक्तेदार उपयोगी पडला. त्याने ती जोखीम रयतेच्या माथी मारली. त्याच वेळी तिन्ही राज्ये कंपनीच्या छत्राखाली आल्यामुळे दुसऱ्या राज्यात जाऊन कमी आकार मिळविण्याचा रयतेचा जुना मार्गही अरुंद झाला.

पुढील व्यवस्थेवर तिन्ही पद्धतींचा ठसा राहिला. रीड व मन्रो यांनी टिपूच्या पूर्वीच्या मुलखात घडविलेली रयतवारी पद्धती एल्फिन्स्टनच्या काळापासून मुंबई इलाख्यात आली. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५–३६ पासून केलेल्या मोजणीत तिला स्थिर रूप मिळाले. हैदराबादेत पहिल्या सालारजंगाने (१८५३–८३) मक्तेदार तालुकदार दूर करून १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. जहागिरी मात्र १९४९ पर्यंत टिकल्या. मराठवाड्यातील जहागिरीच्या गावांतील कूळ व शेजारच्या मुंबई इलाख्यातील खातेदार यांच्या स्थितीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जे अंतर राहिले, त्याची सुरुवात अठराव्या शतकातील या भिन्न महसूलनीतींत झाली होती.